४५ मुलं, तीन तास आणि खायला काय?

मीनल_क
लेक पुढच्या महिन्यात सहा वर्षांची होतेय. वर्गातली, शेजारची, नात्यातली अशी सगळी पोरं धरून यादी ४५ वर गेली आहे. वयं २ ते १०. त्यांच्यासोबत तीसेक मोठी माणसं. हॉल घेतलाय, वेळ संध्याकाळी पाच ते आठ. खेळांचं ठरलं, गाडी अडली आहे ती खाण्यावर.

घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, बोलावलंय तर निदान दहा पदार्थ हवेत, उगाच लोकांनी नावं ठेवायला नकोत. मी म्हणते, चारच ठेवू, पण पोरांनी संपवले पाहिजेत. अशा कार्यक्रमांत एकेक घास खाऊन टाकलेल्या प्लेटांचे ढीग बघवत नाहीत.

त्यात एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, दोघी बहिणी अंडं खात नाहीत, आणि एकाला "दूध चालत नाही" असा निरोप आहे. तर मंडळी, काय ठेवू, किती ठेवू आणि कधी वाढू?

ता. क. "घरीच करा, त्यात प्रेम असतं" हा सल्ला नको. ७५ माणसांवर एवढं प्रेम मला झेपणार नाही.

खादाड_बोका
पिझ्झा. धागा बंद करा.

निरुपद्रवी
बोक्याला +१. लहान पोरं वरचं चीज सोलून खातात आणि खालचा पाव आईच्या हातात ठेवतात. म्हणजे आयांच्या जेवणाचाही प्रश्न सुटला.

शांताक्का
मीनल, तुझं बरोबर आहे, नवऱ्याला हा प्रतिसाद वाचायला दे.

मुलं वाढदिवसाला खायला येत नाहीत गं, धुडगूस घालायला येतात. पहिला तासभर त्यांना भुकेची आठवणही नसते. मग एकाला भूक लागते आणि पाच मिनिटांत सगळ्यांना लागते. त्या वेळी अन्न तयार नसेल तर जी रडारड सुरू होते ती केक कापेपर्यंत थांबत नाही. पाचला सुरू करणार असशील तर सव्वासहाला प्लेटा हातात पडायला हव्यात. केक त्यानंतर. आधी केक दिलास तर पुढचं सगळं वाया गेलं म्हणून समज.

दुसरं म्हणजे टेबलावर भांडी मांडून "आपापलं घ्या" हे मोठ्यांसाठी ठीक. पाच वर्षांच्या पोराचं नाक टेबलाच्या कडेला लागतं, त्याला भांड्यात काय आहे ते दिसत नाही. मग ते सगळंच मागतं आणि काहीच खात नाही. मुलांना सतरंजीवर ओळीने बसवायचं आणि भरलेली छोटी प्लेट समोर ठेवायची. प्लेटीत तीन गोष्टी, एकमेकींना न चिकटलेल्या. पास्त्याचा सॉस फळाला लागला की ते फळ बाद, हा त्यांचा कायदा आहे, तिथे वाद घालून उपयोग नाही.

आणि रश्शाचं, पातळ, चमच्याने खायचं काही नको. एका हातात मावेल असंच.

इन्ना_चे_बाबा
अक्का, तो "एकमेकींना न चिकटलेल्या" नियम आमच्या घरी वयाच्या अडतिसाव्या वर्षीही लागू आहे. (बायको वाचत नसावी.)

शेगडी
माझा धंदाच हा आहे, म्हणून थोडा हिशेब देतो. जाहिरात नाही, कुणाला नंबर देणार नाही.

मुलांच्या कार्यक्रमात लोक मोठ्यांच्या हिशेबाने ऑर्डर देतात, तिथेच अन्न उरतं. पिझ्झा बारा इंची असेल तर आठ तुकडे. सहाच्या आतलं मूल एक खातं, मोठं दोन. तुमच्या ४५ मुलांना साधारण ६५ तुकडे, म्हणजे नऊ पिझ्झे पुरेत. त्यातले किमान सहा साधे, फक्त चीजचे घ्या. वरती भाज्यांची नक्षी मोठ्यांनाच आवडते. पास्ता असेल तर एक किलो कोरडा पास्ता शिजून दुपटीहून जास्त होतो, छोट्या वाट्यांत वीसेक मुलं होतात. दोन्ही ठेवणार असाल तर दोन्ही पूर्ण हिशेबाने घेऊ नका, प्रत्येकी दोन तृतीयांश घ्या.

केक : मुलाला ६० ग्रॅमचा तुकडा पुरतो. म्हणजे किलोला सोळा. ७५ माणसांना साडेचार-पाच किलो. पण पाच किलोचा तीन मजली केक करू नका. कापायला अर्धा तास जातो आणि तोवर पोरं टेबलावर चढतात. शोभेचा दीड-दोन किलोचा पुढे ठेवा, बाकीचा तसाच साधा चौकोनी केक आत कापून तयार ठेवा. फोटोत कुणाला कळत नाही.

पाणी विसरू नका. सरबत, ज्यूस सगळे लक्षात ठेवतात. तासभर पळालेल्या मुलाला पाणी हवं असतं आणि हॉलमध्ये ते नेमकं मोठ्यांच्या उंचीवर असतं.

मीनल_क
अक्का, शेगडीदादा, सोनं दिलंत. नवऱ्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, "म्हणजे चार पदार्थ आणि पाणी, पाच झाले. पाचाचे दहा करायला काय लागतं?"

पूर्वा_प
मला जरा वेगळं म्हणायचंय. पिझ्झा, पास्ता, केक, सगळा मैदा आणि साखर! एक दिवस म्हणत म्हणत ४५ मुलांचे ४५ वाढदिवस होतात, म्हणजे वर्षभर हेच. गाजर-काकडीचे तुकडे, फळं, उकडलेला मका, दह्यातलं डिप असं छान टेबल लावता येतं. आणि साखर पोटात गेली की ही मुलं अक्षरशः भिंतीवर चढतात, ते वेगळंच.

तर्कटराव
पूर्वाताई, पहिल्या मुद्द्याला अनुमोदन, दुसऱ्याला नाही. साखरेने मुलं चेकाळतात हे शास्त्रात टिकलेलं नाही. १९९५ मध्ये वोलराइच आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तोवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. पालक, मुलं आणि निरीक्षक, कुणालाच माहीत नाही की कुणाला साखर दिली आणि कुणाला नाही, असे ते प्रयोग होते. वागण्यात फरक आढळला नाही.

त्याच्या आदल्याच वर्षीचा हूवर आणि मिलिच यांचा प्रयोग तर गमतीचा आहे. सगळ्या मुलांना बिनसाखरेचं, कृत्रिम गोडीचं पेय दिलं, पण काही आयांना सांगितलं की साखर दिली आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चेकाळलेली वाटली! शिवाय त्या मुलांच्या जास्त मागे मागे राहिल्या आणि त्यांना जास्त टोकत राहिल्या.

भिंतीवर चढतात कारण ४५ जण एका हॉलमध्ये आहेत. त्यांना नुसतं पाणी पाजलं तरी चढतील.

पूर्वा_प
तर्कटराव, दातांचं काय? आणि प्रयोगशाळेतली मुलं वेगळी, माझ्या भाचरांना एकदा सांभाळून बघा.

बालवैद्य
दातांच्या बाबतीत पूर्वाताई बरोबर आहेत. चेकाळण्याच्या बाबतीत तर्कटराव बरोबर, पण त्याला एक शेपूट आहे. २००७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास आला. तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट (पदार्थ टिकावा म्हणून घालतात ते) असलेलं पेय दिल्यावर गटाच्या सरासरीत चंचलपणा थोडा वाढलेला दिसला. त्यानंतर २०१० पासून युरोपीय संघात त्या अभ्यासातले सहा रंग असलेल्या पदार्थांवर, मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापावी लागते. परिणाम मोठा नाही, सगळ्या मुलांत सारखाही नाही. तरी केकवरचं क्रीम झगझगीत निळं-लाल असायलाच हवं असं थोडंच आहे? फिकट रंगाने काही बिघडत नाही, आणि कपडेही वाचतात.

मी मुळात दुसरंच सांगायला आलो होतो. यादीत दोन वर्षांची मुलं आहेत. घशात अडकणारे पदार्थ ही खरी काळजी. अख्खी द्राक्षं, अख्खे चेरी टोमॅटो, गोल चकत्या केलेलं सॉसेज, कडक गोळ्या, मार्शमेलो, अख्खे दाणे आणि सुकामेवा. द्राक्ष लांबीत चिरून चार भाग करा. आडवं अर्धं केलं तरी त्याचा गोल बुच्चा होतोच. कच्च्या गाजराचे जाड तुकडे लहानांना नकोत, किसून किंवा वाफवून द्या (पूर्वाताई, माफ करा). पॉपकॉर्न चार वर्षांच्या आतल्यांना नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बसून खाणं. तोंडात घास आणि पायाला पळणं, हे दोन्ही एकदम नको. अक्कांची सतरंजी मला त्यासाठीच आवडली.

खाण्याचा विषय नाही तरी सांगतो : फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचला. लहान मुलं ते तोंडात घालतात.

निरुपद्रवी
डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून मी द्राक्ष हातातून खाली ठेवलं. वय ४४.

जुईली
विषय निघालाच आहे तर, मेणबत्त्यांचं काय? पोरं अक्षरशः थुंकतात केकवर. मी तर तो वरचा तुकडा कधीच घेत नाही.

तर्कटराव
जुईली, यावर खरंच संशोधन झालंय. २०१७, अमेरिकेतलं क्लेमसन विद्यापीठ, पॉल डॉसन आणि त्यांचे विद्यार्थी. खोट्या केकवर आयसिंग लावून मेणबत्त्या फुंकल्या आणि आयसिंगवरचे जिवाणू मोजले. सरासरी १४०० टक्के वाढ! अर्थात त्यांचं म्हणणं असंही होतं की एरवीच्या निरोगी माणसांनी यात फार घाबरण्यासारखं नाही. फुंकणारं मूल सर्दीने गळत असेल तर मात्र विचार करावा.

खादाड_बोका
१४०० टक्के. म्हणून मी केकच्या आधी पोट भरून घेतो.

शेगडी
याला सोपा उपाय आहे, वर दिलाच आहे. फुंकायचा केक पुढचा छोटा, वाटायचा केक आतला. किंवा एक कपकेक घ्या, मेणबत्ती त्यावर लावा, तो वाढदिवसाच्या मुलीचा. आजकाल बरेच जण असंच सांगतात.

आरसपानी
वा! लहानपणची सगळी मजा गेली. पूर्वी एकाच केकवर सगळे तुटून पडायचे, कुणाला काही झालं नाही. अ‍ॅलर्जी वगैरे तेव्हा नव्हतं हो. आता आईबाप नुसते घाबरट झालेत. एखाद्या मुलासाठी ४५ जणांचं खाणं कशाला बदलायचं?

अवलोकिता
आरसपानी, मी त्या "एखाद्या मुलाची" आई आहे. माझ्या मुलाला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट बिघडत नाही, घसा सुजतो. एकदा एका पार्टीत त्याने शेंगदाण्याचं काही खाल्लंही नव्हतं. पीनट बटरचं सँडविच कापलेल्या सुरीने त्याचं चीज सँडविच कापलं होतं. पुढे काय झालं ते सांगत बसत नाही, मुलगा ठणठणीत आहे.

मीनल, तुझ्यासाठी चार गोष्टी. शेंगदाणा त्या दिवशी हॉलमध्ये आणूच नकोस, मोठ्यांच्या टेबलावरही नको. ४५ मुलांत कोण कुणाच्या प्लेटीत हात घालेल ते सांगता येत नाही. पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाच, बिस्किटं आणि चॉकलेटांत दाणे लपलेले असतात. तळणीचं तेल विचार. आणि त्याच्या आईला आत्ताच फोन करून मेनू सांग, ती तुला दुवा देईल. आम्हाला वेगळं पंचपक्वान्न नको असतं गं, आधी कळलं तर आम्ही डबाही आणतो. तिच्याकडे अ‍ॅड्रेनालिनचं पेन (तीव्र अ‍ॅलर्जीत लगेच टोचायचं तयार इंजेक्शन) असेल तर ते हॉलमध्ये कुठे ठेवलंय हे तुला माहीत हवं. पर्समध्ये, आणि पर्स गाडीत, असं नको.

बालवैद्य
अवलोकितांचा शब्द न् शब्द बरोबर. एकच भर : चेहरा सुजणं, आवाज बसणं, श्वासाला त्रास, अचानक सुस्त होणं यातलं काही दिसलं तर आधी पेन मांडीत, मग दवाखाना. अ‍ॅलर्जीची साधी गोळी देऊन वाट बघत बसू नका, तिने ही रिअ‍ॅक्शन थांबत नाही.

"दूध चालत नाही" याचे दोन अर्थ होतात. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नसेल तर पोट दुखेल, गॅस होईल. त्रासदायक, पण जिवावरचं नाही. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर ती शेंगदाण्याइतकीच गंभीर असू शकते. मीनल, हे नक्की विचारून घ्या.

आरसपानी
अवलोकिता, इतकं असेल असं वाटलं नव्हतं. सुरीचं तर डोक्यातच आलं नसतं.

इन्ना_चे_बाबा
मोठ्यांचं काय करायचं ते कुणीच बोलत नाहीये. माझं निरीक्षण असं की मुलांच्या पार्टीत मुलं खातात दोन घास, बाप खातात मुलांचं उरलेलं, आणि आया पर्समधून बिस्किटं काढतात. तीस माणसांना संध्याकाळी सातला नुसता केकचा तुकडा देऊन घरी पाठवलं तर नवरोबा म्हणतात तशी नावं ठेवली जातीलच.

शांताक्का
बाबा, मुद्दा रास्त. पण त्यासाठी दहा पदार्थ नकोत. मुलांचंच खाणं, मोठ्यांसाठी थोडं तिखट-मसालेदार करून. पास्ता एकच, एका पातेल्यात साधा सॉस, दुसऱ्यात लसूण-मिरचीचा. सोबत भरपूर कोशिंबीर आणि कडक कॉफी. कॉफी मात्र मुलांच्या वाटेपासून लांब, भिंतीकडे. उकळता थर्मास आणि पळणारं पोर, नको गं बाई.

सायली_तळवलकर_नव्हे
आमच्याकडे फ्राईज ठेवले होते. दहा मिनिटांत गार, मग रबर. कुणी खाल्ले नाहीत. कुणाला युक्ती माहीत आहे का?

शेगडी
युक्ती एकच, ठेवू नका. फ्राईज कढईतून थेट प्लेटीत गेले तरच. झाकून ठेवले की वाफेने मऊ पडतात. त्याऐवजी बटाट्याच्या जाड फोडी भट्टीत भाजा, गार झाल्या तरी खाववतात. नूडल्सचंही तेच, थोड्या वेळात गठ्ठा होतो. मोठ्या संख्येला असा पदार्थ निवडा जो अर्धा तास थांबला तरी तोंड वाकडं होत नाही : सँडविच, जाड पास्ता, छोटे रोल.

पण थांबायलाही मर्यादा आहे. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. क्रीम, चीज, अंडं, मेयोनीज असलेलं तर नाहीच. गरम ते ६० च्या वर गरम, थंड ते फ्रिजमध्ये. पाचची पार्टी म्हणून लोक चारलाच टेबल मांडतात आणि आठला उरलेलं डब्यात भरून वाटतात. चार तास झाले की हो! त्यात भात असेल तर आणखीच जपा. भातातल्या काही जिवाणूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

पूर्वा_प
डॉक्टर, गाजराचं मान्य. पण फळं ठेवाच. युक्ती सांगते : फळांचं वेगळं टेबल मांडलं की कुणी जात नाही. कलिंगड, संत्रं, केळं असं कापून खेळाच्या मधल्या सुट्टीत, पाण्याबरोबर ट्रे फिरवायचा. तहानलेली पोरं फडशा पाडतात. प्लेटीत केकशेजारी ठेवलं तर मात्र तेच कलिंगड परत येतं.

शांताक्का
पूर्वा, हे मी करून बघणार. लाख बोललीस.

मीनल_क
सगळ्यांचे आभार! ठरलं ते सांगते.

पावणेसहाला खेळ थांबवून पाणी आणि फळांचा ट्रे. द्राक्षं घेतच नाही, चिरत कोण बसणार. सव्वासहाला सतरंजी आणि प्लेट : साधा चीज पिझ्झा, छोट्या वाटीत पास्ता, भाजलेले बटाटे. मोठ्यांना तोच पास्ता तिखट, कोशिंबीर, कॉफी. सातला केक, अंड्याशिवायचा. मेणबत्ती कपकेकवर. कपकेकला लेकीने हरकत घेतली होती, पण तो फक्त तिचा एकटीचा असेल म्हटल्यावर लगेच कबूल.

नवरा सहावर थांबला. सहावा पदार्थ आईस्क्रीम, लहान कपांतलं. त्यावर मी फार ताणलं नाही.

शेंगदाणा हॉलमध्ये येणार नाही, त्या आईशी बोलले. दुधाचंही विचारलं : अ‍ॅलर्जीच आहे, लॅक्टोज नाही. आता पिझ्झा, केक, आईस्क्रीम तिन्ही त्याला बाद. त्याला काय देऊ?

अवलोकिता
पास्ता त्याच्यासाठी टोमॅटोच्या सॉसमध्ये, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने. बटाट्यांना लोणी लावू नका, तेल लावा, म्हणजे सगळ्यांनाच चालतील. पाव देणार असाल तर पाकीट वाचा, बऱ्याच पावांत दुधाची पावडर असते. आईस्क्रीमऐवजी फळांच्या रसाची कांडी, दूध नसलेली बघून. आणि केकच्या वेळी त्याच्या हातात काहीतरी हवं हं, ती वेळ सगळ्यात वाईट असते. त्याच्या आईला विचारा, तिच्याकडे ठरलेला केक असणार, एक तुकडा ती आनंदाने आणेल.

शेगडी
त्याची प्लेट स्वयंपाकघरातच भरून झाका आणि ती सगळ्यांच्या आधी द्या, म्हणजे वाढणाऱ्याच्या हाताला चीज लागलेलं नसेल. झाकणावर मुलाचं नुसतं नाव लिहा. "दूध नको" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं की बाकीची पोरं जेवण सोडून त्यालाच प्रश्न विचारत बसतात. वाढणाऱ्यांना मात्र आधी तोंडी सांगून ठेवा, आणि वाढणारे कोण ते आजच ठरवा. त्या दिवशी सगळे फोटो काढत असतात.